सात पोरी, एक बोर्ड आणि आमचे मालक काका

जळका वास सगळ्यात आधी जळगावला आला. आमच्या फ्लॅटवर पोरींना नावाने नाही, गावाने हाक मारतात, मी कराड, ती जळगाव, आणि हो, हा जोक आमचा आमच्यात शंभरदा मारून झालाय. फेब्रुवारीतली सकाळ, सातचा सुमार, म्हणजे आमच्याकडची सगळ्यात गर्दीची वेळ. बाथरूममध्ये गीझर चालू, किचनमध्ये इंडक्शनवर कुणाचं तरी दूध, हॉलमध्ये नांदेड कुर्त्याला इस्त्री मारतेय, फ्रीज तर काय चोवीस तास चालूच. जळगाव ओरडली, "अगं काहीतरी जळतंय," आणि आम्ही सगळ्या आधी दुधाकडे बघितलं. दूध ठीक होतं. फ्रीजच्या मागे जो एक्स्टेन्शन बोर्ड आहे त्याची पिन तपकिरी होऊन वितळायला लागलेली, भिंतीतल्या सॉकेटच्या कडेने काळा डाग वर चढत गेलेला. मी पळत जाऊन मेन पाडला. बस, एवढंच झालं. आग लागली नाही, बातमी झाली नाही, आणि साडेआठला सगळ्या आपापल्या लोकलला लटकल्या होत्या.

पण ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मला एक गोष्ट खटकत राहिली. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की लाइट तोडणारा तो खटका, पडला का नाही? मेन मी हाताने पाडला. तो स्वतःहून पडायला हवा होता ना.

थोडं घराबद्दल सांगते. जोगेश्वरी पूर्व, सात मजली सोसायटी, आमचा फ्लॅट चौथ्यावर, टू बीएचके, पण काकांनी हॉलमध्ये प्लायचं पार्टिशन टाकून त्याचा अडीच बीएचके केलाय. आत दोन बेडरूममध्ये दोन दोन, पार्टिशनच्या आत दोन, आणि पार्टिशन आणि मेन दरवाजा यांच्यामधल्या पॅसेजमध्ये एक सिंगल कॉट, ती नांदेडची. सगळ्यात स्वस्त कॉट, सहा हजार, बाकी आम्ही साडेसात देतो. खिडक्यांना बॉक्स ग्रिल, त्यात एक उघडणारी झडप आहे, तिला कुलूप, त्या कुलपाची चावी काकांकडे डोंबिवलीला. मेन दरवाज्याला बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर, त्याला रात्री आतून आम्ही स्वतः कुलूप लावायचो कारण सात पोरी राहतात आणि घरच्यांना तसं सांगितलेलं असतं.

काकांना फोन केला. काका म्हणाले, "अगं इंडक्शन कशाला लावता, गॅस आहे ना घरात?" मुद्दा बरोबरच होता थोडासा, ते मान्य. संध्याकाळी त्यांचा नेहमीचा वायरमन आला, सॉकेट बदललं, टेप गुंडाळली, वीस मिनिटांत चारशे रुपये घेऊन गेला. काळा डाग तसाच राहिला, त्याच्यावर आम्ही महालक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. आता लिहिताना लाज वाटते पण लावलं.

पुढचे दोन महिने कुणी काही बोललं नाही. मग १४ एप्रिल आला. आमचं ऑफिस एमआयडीसीत आहे, तिथे दरवर्षी त्या आठवड्यात अग्निसुरक्षेचं डेमॉन्स्ट्रेशन असतं, एक्स्टिंग्विशर घेऊन ट्रेमधली आग विझवायची, सेल्फी काढायचा, समोसा खायचा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजावर आधी आग लागली आणि मग दोन स्फोट झाले, जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा दोन्ही एकत्र भरलेलं होतं, विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६० हून जास्त जवान गेले, त्यांच्या आठवणीत हा दिवस पाळतात. मी दरवर्षी हे ऐकत आलेय आणि दरवर्षी समोशाकडे बघत आलेय. यावेळी मात्र डेमो संपल्यावर ऑफिसच्या बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्या दादांना गाठलं आणि फोनमध्ये आमच्या घरच्या डीबीचा फोटो दाखवला. डीबी म्हणजे दाराच्या वर एमसीबींचा जो डबा असतो तो.

दादांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "हा बत्तीसचा कुणी टाकला?"

तर प्रकरण असं. आमच्या घराची वायरिंग बिल्डिंग बांधली तेव्हाची, नव्वदच्या दशकातली, किचन, फ्रीज, हॉल, बाथरूम सगळं एकाच लाइनवर आणि वायर दीडची, म्हणजे दीड स्क्वेअर एमएम जाडीची. तेव्हा घरात एक फ्रीज, एक टीव्ही आणि एक मिक्सर असायचा, चालून जायचं. मग काकांनी मुली ठेवायला सुरुवात केली, गीझर आला, इस्त्र्या आल्या, केटल आल्या, १६ ॲम्पिअरचा एमसीबी सारखा पडायला लागला, मुलींनी कटकट केली, मग कुणीतरी तो काढून ३२ चा टाकला. पडायचा बंद झाला. सगळे खूश.

दादांनी कागदावर हिशोब करून दाखवला तो मी जपून ठेवलाय. इंडक्शन २००० वॅट, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास ९ ॲम्पिअर. गीझर २००० वॅटचा, अजून ९. इस्त्री हजाराची, साडेचार. फ्रीज धरला की २३ च्या आसपास. त्या दिवशी सकाळी आम्ही दीडच्या जुन्या वायरीतून २३ ॲम्पिअर ओढत होतो. १६ चा असता तर तो पडला असता, दूध तसंच राहिलं असतं, आम्ही चिडलो असतो. ३२ चा गप्प बसून राहिला कारण त्याच्या मते सगळं ठीक होतं. दादा म्हणाले, एमसीबी तुमच्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो, जेवढी वायर तेवढा एमसीबी, मोठा टाकला म्हणजे वॉचमनला झोपेची गोळी दिली. आणि वर तो एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक सहा ॲम्पिअरचा, त्याच्यावर इंडक्शन लावणं म्हणजे तर विचारूच नका. तो आमचाच होता. अंधेरी स्टेशनबाहेरून दीडशे रुपयांत मीच आणलेला.

इथपासून खरी गोष्ट सुरू होते कारण आता मला माहीत होतं, आणि माहीत झाल्यावर झोप लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावला जय भवानी बिल्डिंगची आग लागली होती ना, पहाटे, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, गाड्या आणि कपड्याची गाठोडी पेटली आणि धूर जिन्यातून वर गेला. ते आमच्यापासून दोन स्टेशनं. तेव्हा आम्ही बातम्या बघितल्या आणि हळहळलो आणि रात्री सेफ्टी डोअरला कुलूप लावून झोपलो.

मी काकांना परत फोन केला. काका म्हणाले वायरिंग सोसायटीचा प्रश्न आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले तर ते म्हणाले फ्लॅटच्या आतलं मालकाचं. लाइट कंपनीत विचारलं तर मीटरपर्यंत आमचं, पुढचं तुमचं, आणि ते खरंच आहे, नियमच तसा आहे. म्हणजे सेक्रेटरी आणि कंपनी दोघं बरोबर होते, चूक फक्त काका होते, पण तेच मालक. सेक्रेटरींनी जाता जाता चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही नक्की किती जणी राहता हो त्या फ्लॅटमध्ये?" मी "येते काका" म्हणून सटकले.

कारण हीच तर आमची दुखरी नस. लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटवर तीन नावं आहेत. पोलीस व्हेरिफिकेशन तिघींचं. राहतो सात. मुंबईत कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही हे नवीन नाही. अग्निशमन दलाला पत्र लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न आमच्या मनात हाच यायचा, ते आले, त्यांनी सात कॉट मोजल्या, तर आगीच्या आधी आम्हीच बाहेर. जून तोंडावर, डिपॉझिट अडकलेलं, पावसात कुठे घर शोधायचं. सांगलीची पोर तर म्हणाली, "त्यापेक्षा मी थंड पाण्याने आंघोळ करते." एक महिना तिने केलीही.

ऑफिसमधल्या लालबागच्या एका सरांनी सल्ला दिला, ते पागडीच्या चाळीत वाढलेले, त्यांना भाड्याचे कायदे पाठ. म्हणाले भाडे नियंत्रण कायद्यात, १९९९ च्या, कलम १४ आहे, मालक दुरुस्ती करत नसेल तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, स्वतः करून घ्यायची आणि भाड्यातून कापायची, त्याला वर्षाच्या भाड्याच्या पावपट मर्यादा आहे. मी एकदम खूश. मग त्यांनीच विचारलं, "पण तुमचं काय आहे, लीव्ह अँड लायसन्स ना? मग तुम्ही भाडेकरू कुठे, तुम्ही लायसन्सी." हवा गेली. पण एक कामाची गोष्ट त्यांनी सांगितली, ॲग्रीमेंट लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी त्याच कायद्याच्या ५५ कलमाने मालकाची आहे. म्हणजे कागदावर तीन आणि घरात सात, याची भीती आम्हाला जेवढी तेवढीच, खरं तर जास्त, काकांना असायला हवी होती. आम्ही इतके दिवस एकट्याच घाबरत होतो.

आणि राज्याचा आगीचा वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यात आग प्रतिबंधक व्यवस्था करायची आणि ती चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलीय. इमारतीत जी यंत्रणा बसवलेली असते ती चालू आहे असं लायसन्स असलेल्या एजन्सीचं सर्टिफिकेट, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारी आणि जुलै. आमच्या लॉबीतल्या एक्स्टिंग्विशरवर रिफिलची तारीख २०१९ ची होती आणि त्याच्या नळीत कुणीतरी अगरबत्ती खोचलेली.

तरी मी कायद्याचं पत्र लिहिलं नाही. लिहून बघितलं, पहिला ड्राफ्ट भयंकर होता, "अन्यथा आम्हाला कायदेशीर मार्ग अवलंबावा लागेल" वगैरे, जळगावने वाचून विचारलं, "तू कोण, वकील का?" तो फाडला. दुसऱ्यात फक्त कामं लिहिली. डीबी बदलणे, गीझर आणि किचनला वेगवेगळी लाइन, ग्रिलच्या झडपेची चावी, सेफ्टी डोअरला आतून चावीशिवाय उघडणारं लॅच, पॅसेजमधली कॉट. प्रत्येकाचा फोटो, ऑफिसच्या दादांनी ओळखीच्या वायरमनकडून आणून दिलेलं कोटेशन, आणि खाली आम्ही काय करू ते. इंडक्शन बंद, केटल एकावेळी एक, एक्स्टिंग्विशर आमच्या वर्गणीतून, दारातलं चपलांचं कपाट आम्ही हलवू. सातही जणींनी सही केली. सात सह्या करायच्या का यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडण झालं. शेवटी नांदेड म्हणाली, मी तर दारातच झोपते, माझी पहिली सही. तिने केली म्हटल्यावर बाकीच्यांची सुटका नव्हती. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली आणि स्पीड पोस्टानेही, कारण लालबागचे सर म्हणाले पोस्टाची पावती पाहिजेच.

दोन निळ्या टिका. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी काका स्वतः आले, रविवारी संध्याकाळी, हातात ते पत्र, आणि पत्रावर पेनाने गोल केलेली कोटेशनची रक्कम. पूर्ण रिवायरिंग अडतीस हजार, नाहीतर फक्त डीबी आणि दोन नव्या लाइन साडेएकोणीस हजार. सोफ्यावर बसले, पाणी पिऊन म्हणाले, "पोरींनो, तीस वर्षं झाली या घराला, मी पण इथेच राहिलोय, माझी मुलं इथे मोठी झाली, कधी काही झालं का?"

यावर काय बोलणार. खरंच काही झालं नव्हतं.

मग जळगाव, जिला मी आयुष्यभर मानेन, म्हणाली, "काका, दोन मिनिटं आतल्या खोलीत जाल का?" काका गेले. तिने मेन पाडला. संध्याकाळचे साडेसात, पडदे ओढलेले, घरात मिट्ट काळोख. "आता जिन्यापर्यंत या काका, मोबाइलचा टॉर्च नाही लावायचा." मला वाटलं आता आमचं सामान बाहेर. आतून आधी "काय पोरकटपणा आहे हा," मग पार्टिशनला हात लागल्याचा आवाज, मग प्लायच्या कोपऱ्याला खांदा, मग धाडकन काहीतरी आणि "आई गं". नांदेडच्या कॉटच्या लोखंडी पायावर नडगी. त्यानंतर दार. दार उघडलं, पुढे सेफ्टी डोअर, कुलूप. मुद्दाम नव्हतं लावलं हो, खरंच, सातनंतर कुणीतरी सवयीने लावतंच. "चावी कुठाय?" चावी सांगलीच्या पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत. मी फोनवर वेळ लावलेली, मेन परत वर केला तेव्हा तीन मिनिटं होऊन गेली होती आणि काका अजून घरातच होते.

नडगी चोळत काका म्हणाले, "ही कॉट इथे कुणी टाकली?"

"तुम्हीच टाकलीत काका, दिवाळीनंतर."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी त्यांना तेव्हा परळच्या क्रिस्टल टॉवरचं सांगितलं, ऑगस्ट २०१८, बाराव्या मजल्यावर आग, चार जण गेले, आणि तिथे दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजाऱ्यांना ओलं फडकं नाकाला धरायला लावलं, तिला नंतर शौर्य पुरस्कारही मिळाला. पण काका ऐकत होते असं वाटलं नाही, ते त्या कॉटकडे बघत होते. आपण किती वाचलंय, किती आकडे पाठ केलेत, सगळं त्या नडगीपुढे फिकं होतं.

मेच्या शेवटी काम झालं. साडेएकोणीसवालं, अडतीसवालं नाही. गीझरला चारची वायर वेगळी, किचनला वेगळी, जुन्या लाइनवर परत १६ चा, आणि नवीन डीबीत एक आरसीसीबी. आरसीसीबीबद्दल आमचा गैरसमज होता की तो सगळ्याला पुरेल, वायरमनने सांगितलं की तो करंट गळला तर पडतो, ३० मिलिॲम्पिअरला, म्हणजे शॉकपासून वाचवतो, लोड जास्त झाला तर त्याला काही देणंघेणं नाही, त्यासाठी एमसीबीच. दोन्ही लागतात. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं, पडला पाहिजे. आम्ही एक तारखेला दाबतो, भाडं ट्रान्सफर करायच्या दिवशी, म्हणजे विसरत नाही. सेफ्टी डोअरला आतून फिरवायचं लॅच. झडपेची चावी खिडकीशेजारी खिळ्याला, लाल दोऱ्यात. गॅसची नारिंगी नळी बघितली तर तिच्यावरची तारीख उलटून गेलेली, ती नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते हे सातपैकी एकीलाही माहीत नव्हतं, आणि त्यातल्या तिघी इंजिनिअर.

एक्स्टिंग्विशर दोन किलोचा, एबीसी पावडरवाला, आयएसआय मार्क बघून घेतला, दाराजवळ टांगला. स्मोक डिटेक्टर बॅटरीवाले दोन आणले, त्यातला एक हौसेने किचनमध्ये लावला आणि तो लाल मिरचीच्या फोडणीला असा बोंबलायचा की पाचव्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. आता पॅसेजमध्ये, छताला, बेडरूमच्या दाराबाहेर लावलाय. धूर झोपेत कळत नाही, वासाने जाग येते हा समज चुकीचा आहे असं त्या डेमोत सांगितलं होतं, म्हणून आवाज करणारं काहीतरी झोपायच्या जागेजवळ लागतं.

सोसायटीचं काय झालं विचारू नका. एक्स्टिंग्विशर रिफिल झाले, अगरबत्तीसकट गेलेले अगरबत्तीशिवाय परत आले. जिन्यातली कपाटं आणि सायकली अजून आहेत. सेक्रेटरी म्हणाले एजीएममध्ये घेऊ. गच्चीच्या दाराला अजून कुलूप, चावी वॉचमनकडे, वॉचमन रात्री कुठे असतो ते वॉचमनलाच माहीत.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं आणि दीड हजार शब्द टाळत आले ते. पॅसेजमधली कॉट काढायची म्हणजे एक पोर कमी. पत्रात ती ओळ मीच लिहिली होती, "पॅसेजमधली कॉट", आणि लिहिताना माझ्या डोक्यात लोखंडी कॉट होती, तिच्यावर झोपणारी नांदेड नव्हती. ती मात्र सही करताना समजून होती की काय, मला अजून कळत नाही. काका म्हणाले सहा हजार माझे गेले, ते तुम्ही सहा जणी वाटून घ्या, हजार हजार. आम्ही घासाघीस करून पाचशेवर आणलं. मग आमच्या डोक्यात आलं की तिला पार्टिशनच्या आत घेऊ, तिथे तिसरी कॉट बसते, तर पार्टिशन पण त्याच कामात अर्धं कापलेलं, दाराकडचा भाग मोकळा केलेला, तिसरी कॉट टाकली की परत तेच. आठ दिवस आम्ही टेप घेऊन घर मोजत होतो. तिने स्वतःच मिटवलं, "मला नालासोपाऱ्यात मिळतेय, साडेचारमध्ये, मैत्रिणीच्या ओळखीने." जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिची बॅग आणि इस्त्री टेम्पोत चढवून दिली. पाऊस पडत होता. काकांनी तिचं डिपॉझिट त्याच दिवशी पूर्ण परत केलं, हे त्यांच्याबद्दल लिहिलंच पाहिजे.

आता तिला अंधेरीला यायला विरार फास्ट पकडावी लागते, म्हणजे तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मला गीझरचं गरम पाणी मिळतं आणि झोपही लागते, बऱ्यापैकी.

गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, रात्री अकराला. फोटो होता. भिंतीवर एक सॉकेट, त्यात एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच्यावर केटल, तीन चार्जर आणि तिची ती निळी इस्त्री. खाली लिहिलेलं, "कराड, इथे नऊ जणी आहोत." आणि एक हसरा इमोजी.

मी बराच वेळ टाइप करून पुसत होते. शेवटी विचारलं, डीबी कुठाय, एमसीबीवर आकडा किती लिहिलाय तो बघ आणि फोटो पाठव. ती म्हणाली थांब, स्टूल शोधते.